चिंचवडची पायवाट आणि पाहणाऱ्यांचे डोळे

युरोपातील जुन्या शहरांत उतरलेल्या यात्रेकरूच्या हाती बहुधा एक घडीचा नकाशा दिला जातो. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या नगरीचेच उदाहरण घ्या. प्रेषित संत याकोब यांची कबर तेथे आहे, अशी शतकानुशतकांची श्रद्धा आहे. कबरीवर मंदिर उभे राहिले, मंदिराभोवती मठ आणि धर्मशाळा वसल्या, धर्मशाळांभोवती बाजार आला आणि त्यातून एक नगर घडले. नकाशातील तुटक रेषेवरून पावले टाकीत गेले की दोन-तीन तासांत हे नगर पायाखालून जाते. वाट सोपी, चढ थोडा, आणि प्रत्येक वळणावर काय पाहावे हे छापलेले.

पिंपरी-चिंचवड परिसरातील आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना असल्या वाटांचे आकर्षण नवे नाही. वेलंकणी, वांद्र्याची मोतमाउली, जुने गोवे ही नावे घरोघरी परिचयाची आहेत. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात खुले होते, तेव्हा इकडूनही भाविक गेले. परंतु ज्या नगराचे नाव आपण रोज पत्त्यात लिहितो, तेही एका साधुपुरुषाच्या समाधीमुळे नावारूपाला आले, आणि त्याचीही अशीच एक सोपी पायवाट आहे, याची जाणीव आपल्यापैकी किती जणांना आहे? कारखान्यांच्या निमित्ताने वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, तमिळनाडूतून आणि नगर जिल्ह्यातून आलेल्या आपल्या आईवडिलांनी चिंचवड पाहिले ते पाळीचा भोंगा आणि लोकलची वेळ सांभाळीत. गाव राहून गेले.

प्रस्तुत लेखात ती वाट थोडक्यात सांगावयाची आहे. परंतु लेखाचा खरा विषय वाट नसून, त्या वाटेने पूर्वी जाऊन ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे लेखन हा आहे. दुसऱ्याच्या पवित्र स्थळाविषयी लिहिणाऱ्याचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम वाट. चापेकर चौकात बंधूंचे स्मारकशिल्प आहे; तेथून जुन्या गावात शिरावे. पेठेच्या रस्त्याने आत गेले की चापेकरांचा वाडा लागतो. पुढे मंगलमूर्ती वाडा. मोरया गोसावी यांना कऱ्हा नदीत सापडली असे सांगितले जाते ती गणेशमूर्ती येथे पूजेत आहे. आणि शेवटी पवनेच्या काठी मोरया गोसावी यांचे समाधिमंदिर व घाट. सावकाश चालणाऱ्या वडीलधाऱ्या माणसालाही अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागू नये. मोरया हे मोरगावच्या गणेशाचे भक्त. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मंदिराचा काळ मात्र शिलालेखाने सांगितला आहे. शके 1580 मध्ये, म्हणजे इसवी सन 1658 च्या सुमारास, बांधकाम सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुरे झाले. चौकोनी मंडप, आत अष्टकोनी गाभारा, बुटकी आणि भक्कम बांधणी. नक्षीचा सोस नाही. वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, येथून मोरगावला पालखी जाते. गणेशोत्सवात आपल्या सोसायट्यांच्या आवारात जी आरोळी उठते, तीतले ‘मोरया’ हे नाव याच साधुपुरुषाचे, असे मानले जाते. आपली मुले ते नाव दरवर्षी ऐकतात. ते कोणाचे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

आता या वाटेचे वाचक. मोरयांच्या वंशात सात पिढ्यांपर्यंत गणेशाचा अंश राहील अशी श्रद्धा होती, आणि गादीवरील पुरुषास ‘देव’ म्हणत. संत तुकाराम व मोरयांचे पुत्र चिंतामणी यांच्या भेटीतून हे नाव आले, अशी आख्यायिका आहे. या ‘देवा’ची कीर्ती ऐकून 1800 च्या जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील कॅप्टन एडवर्ड मूर पुण्याहून चिंचवडला आला. त्याचा वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सातव्या खंडात प्रसिद्ध झाला. वंशपरंपरेने चालत आलेले जिवंत दैवत, असा त्याचा मथळा आहे. मूर हा पुढे ‘हिंदू पँथिऑन’ हा ग्रंथ लिहिणारा जिज्ञासू गृहस्थ. त्याने आख्यायिका नीट विचारून घेतली, पिढ्यांची नावे लिहून घेतली. या मेहनतीचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तथापि त्याचे कुतूहल मथळ्यातच व्यक्त झाले आहे. त्याला ‘जिवंत दैवत’ हा चमत्कारिक प्रकार हवा होता. समाधीपुढे हात जोडून उभा राहणारा शेतकरी तेथे काय मागत असेल, हा प्रश्न त्या लेखनाच्या केंद्रस्थानी नाही.

नऊ वर्षांनी, 1809 मध्ये, मारिया ग्रॅहम ही चोवीस वर्षांची स्कॉटिश कुटुंबातील लेखिका येथे आली. तिची रोजनिशी 1812 मध्ये एडिंबरो येथे छापली गेली. चिंचवडवरील तिचा मजकूर जेमतेम परिच्छेदभराचा, परंतु तो टीकाकाराने दोनदा वाचावा असा आहे. स्थळ तिला घाणेरडे वाटले. खिडक्याखिडक्यांतून डोकावणारे पुरोहित तिला खाऊन-पिऊन तुकतुकीत दिसले आणि देवस्थानाच्या उत्पन्नावर त्यांची चांगली नजर असणार, असा टोमणा तिने मारला. ‘देव’ त्या वेळी लहान मुलगा होता. साध्या ओसरीवर बुटक्या पाटावर तो बसला होता. इतर मुलांहून तो कशानेच वेगळा नव्हता. वेगळे होते ते त्याच्या डोळ्यांतील भेदरलेपण. त्याला रोज अफू देतात, इतर मुलांबरोबर खेळू देत नाहीत, संस्कृतावाचून दुसरी भाषा बोलू देत नाहीत, असे तिला सांगण्यात आले. त्याच दिवशी तिने आणखी काही पाहिले. स्त्रिया मूर्तींवर तेल, पाणी, दूध घालीत होत्या. मुले देवांना फुलांनी सजवीत होती. यात्रेकरू स्नान करीत होते. आणि वेदपठण कानाला बेसूर लागत नव्हते, एवढे तिने मान्य केले.

या परिच्छेदात दोन निरनिराळ्या लेखिका आहेत. एक हिणवते, दुसरी पाहते. पुरोहितांच्या तुकतुकीत अंगावरून उत्पन्नाविषयी तर्क करणारी ग्रॅहम आपल्या घरून आणलेले मत लिहीत आहे. ते चिंचवडला न येताही लिहिता आले असते. परंतु खेळावयास न मिळणाऱ्या मुलाचे डोळे जिला दिसले, ती ग्रॅहम खरोखर चिंचवडला आली होती. त्या मुलाविषयीची तिची कणव कोणत्याही धर्माच्या आईला समजेल. फुले वाहणाऱ्या मुलांचे चित्रही तसेच. दुर्दैव हे की वाचकांच्या ध्यानात राहतो तो टोमणा.

आणि तो राहण्याची व्यवस्थाही झाली. 1885 मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील पुणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. चिंचवडच्या नोंदीत शिलालेख, मंदिराची मापे, इनामाचा इतिहास अशी बहुमोल माहिती आहे. वर दिलेले बांधकामाचे वर्षही तेथूनच अभ्यासकांना ठाऊक झाले. परंतु माणसांविषयी लिहिण्याची वेळ आली तेव्हा संपादकांनी ग्रॅहमबाईंचा उतारा उचलला. पाऊणशे वर्षांपूर्वी एका पाहुणीने एका दिवसात बनविलेले मत सरकारी ग्रंथात गेले, आणि पुढे ज्याने ज्याने चिंचवडविषयी इंग्रजीत वाचले त्याच्या हाती तेच आले. मार्गदर्शिकांच्या साहित्याचा हा जुना रोग आहे. दगडांची मापे नवी घेतली जातात. माणसांविषयीची मते मात्र जुनीच उतरवून घेतली जातात.

येथे एखादा वाचक म्हणेल, हे सारे हिंदू बांधवांचे दुखणे. कॅथलिक त्रैमासिकात त्याची चर्चा कशाला? उत्तरासाठी गोव्याकडे वळावे लागेल. 1851 मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रज अधिकाऱ्याचे ‘गोवा अँड द ब्लू माउंटन्स’ हे पुस्तक निघाले. आजारपणाची रजा काढून आलेला हा प्रवासी जुन्या गोव्यातून फिरला. ओसाड नगर, पडके मठ, आणि आपले पूर्वज असलेले गोव्यातील ख्रिस्ती लोक या सर्वांवर त्याने जी लेखणी चालविली, ती वाचताना मान खाली जाते. मठातील एका साध्वीला पळवून नेण्याचा एका गोऱ्या अधिकाऱ्याचा बेत कसा फसला, ही कथा तो चवीने रंगवितो. ज्या स्त्रियांनी प्रार्थनेसाठी आयुष्य वाहिले, त्यांच्या निवासाविषयी या पानांवर उरतो तो एक विनोद. देशी ख्रिस्ती माणसाचा रंग, वेष, रीत यांची टवाळी तर जागोजाग आहे.

मूर, ग्रॅहम आणि बर्टन हे एका तराजूत घालावयाचे नाहीत. पहिले दोघे बर्टनपेक्षा पुष्कळ सभ्य आहेत. पण परक्याच्या श्रद्धेकडे पाहताना उत्पन्न, घाण आणि गंमत यांवर आधी नजर जाणे, ही वृत्ती तीच. बर्टनने आपल्या साध्वींविषयी लिहिलेले आपल्याला झोंबत असेल, तर ग्रॅहमबाईंच्या टोमण्यावर आपण हसू शकत नाही. लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे वाटते तसे तुम्ही त्यांच्याशी वागा, ही प्रभूची आज्ञा साहित्यसमीक्षेलाही लागू आहे. आपल्या पवित्र स्थळाविषयी कोणी असे लिहिलेले मला चालेल काय, हीच प्रवासलेखनाची पहिली कसोटी मानावी.

या कसोटीस उतरणारे लेखन परक्यांकडूनही झाले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. या मातीतील लोक भक्तीची कथा ओवीत गातात, हे त्यांनी जाणले, आणि ख्रिस्ताची कथा त्याच ओवीत रचली. 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले. आपल्या काळाच्या अधिक जवळचे नाव म्हणजे फ्रेंच जेझुइट गी दलरी. विठ्ठलभक्तीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 मध्ये प्रसिद्ध केला. पालखी कशी निघते, दिंड्या कशा लागतात, वारकऱ्याचा नेम काय, हे त्यांनी आदराने आणि तपशिलाने नोंदविले. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते. म्हणजे त्या ग्रंथाचा विषय दर आषाढीला आपल्या दारावरून जातो. एका कॅथलिक धर्मगुरूने त्याचा एवढा अभ्यास केला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. आणि आपण तो वाचला नाही, याची थोडी लाजही.

पण आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या. वारीवर त्यांचे प्रेम होते. तरीही ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या दिंड्यांचे जेवण वेगळे शिजते, ही खंत त्यांनी आपल्या लेखात लपविली नाही. चालणाऱ्यांबरोबर चाललेल्या माणसाची ही टीका आहे. म्हणून ती टोमणा होत नाही. यावरून दुसरी कसोटी हाती येते. परक्याचा दोष जसा हिणवण्यात, तसा घरच्या माणसाचा दोष गप्प राहण्यात असतो.

ही दुसरी कसोटी घेऊन आपल्या पायवाटेच्या आरंभी, चापेकर वाड्यापाशी परत यावे. 1897 मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. रोगी शोधण्यासाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरले. देवघर, माजघर, स्त्रियांची लाज यांची पर्वा केली गेली नाही, अशी लोकांची तक्रार होती. कीर्तनकार हरिपंत चापेकरांच्या मुलांनी प्लेग कमिशनर रँडला मारावयाचे ठरविले. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरपंतांनी रँडवर गोळी झाडली. बाळकृष्णपंतांची गोळी मागून येणाऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टला लागली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. दामोदरपंतांना 18 एप्रिल 1898 रोजी, वासुदेवरावांना 8 मे 1899 रोजी आणि बाळकृष्णपंतांना 12 मे 1899 रोजी फाशी झाली. त्या चार दिवसांच्या मध्ये, 10 मे रोजी, त्यांचा मित्र महादेव रानडेही फासावर गेला.

एका आईचे तीन पुत्र. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील सात पुत्रांची आई आपल्याला ठाऊक आहे. या वाड्याच्या उंबऱ्यावर तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दोन्ही कथा एक नव्हेत. मक्काबींच्या पुत्रांनी मरण पत्करले. चापेकरांनी मरण दिलेही आणि पत्करलेही. त्यांचे धैर्य आणि जुलमाची चीड मानावी, एवढे त्यांनी नक्कीच मोल मोजले. परंतु या घराविषयीचे बहुतेक गौरवपर लेखन आयर्स्टपाशी थांबत नाही. प्लेगच्या झडत्यांसाठी चापेकरांनी ज्याला जबाबदार धरले तो रँड. आयर्स्ट त्याच्या मागच्या गाडीत होता, एवढ्यासाठी गेला. त्याचे नाव घेतल्याने चापेकरांची थोरवी उणी होत नाही. उलट त्या रात्रीचे ओझे केवढे होते, हे मुलांना कळते.

हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा येतो? आपल्या घरातील मौन आपण मोडतो तेव्हा. जुन्या गोव्याच्या यात्रेहून परतलेल्या कुटुंबांच्या हाती जी भक्तिपर पत्रके असतात त्यांत बॉम जेझू बासिलिका असते, से कॅथिड्रल असते, संत कायतान यांचे मंदिर असते, संत ऑगस्टिनच्या पडक्या मठाचा बुरूज असतो. ही वाटही सोपी, सकाळभरात होणारी. परंतु 1560 मध्ये याच नगरात धर्मन्यायासन बसले, आणि मधला थोडा खंड वगळता 1812 पर्यंत ते चालले. नवख्रिस्ती, हिंदू, यहुदी कितीजण त्याच्या भयाखाली जगले. याविषयी या पत्रकांतून क्वचितच ओळ सापडते. दुसऱ्या जॉन पॉल पोपमहाशयांनी 2000 च्या महोत्सवी वर्षात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. जे पोपमहाशयांना सांगावयास जड गेले नाही ते आपल्या यात्रापत्रकांना का जड जावे? चापेकर वाड्यापाशी आयर्स्टचे नाव ज्याला ऐकावयाचे आहे, त्याने जुन्या गोव्यात धर्मन्यायासनाचे नाव उच्चारले पाहिजे.

एक शंका राहते, आणि ती आपल्या घरांतून खरोखर विचारली जाते. आपण ख्रिस्ती माणसांनी समाधिमंदिरात जावे काय? मुलांच्या श्रद्धेत गोंधळ होणार नाही काय? ही शंका हलकी लेखू नये; श्रद्धा जपण्याची काळजी तिच्यामागे आहे. व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी इतर धर्मांविषयीचे जाहीरपत्र काढले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, अशी त्याची शिकवण आहे. आदर आणि उपासना या दोन गोष्टी आहेत. उपासना आपण आपल्या वेदीपुढे करतो. आदर शेजाऱ्याच्या घरीही नेता येतो. पादत्राणे बाहेर काढावीत, भाविकांच्या रांगेत मध्ये येऊ नये, कोणी डोळे मिटून उभा असेल तर त्याचे छायाचित्र घेऊ नये, आणि मुलांनी विचारले तर खरे उत्तर द्यावे. एवढे पुरे.

या बाबतीत आपल्याला फार थोर वाटाड्या लाभला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सतरावा अध्याय काढून पाहावा. संत पौल अथेन्समध्ये सोबत्यांची वाट पाहत थांबले होते. नगर मूर्तींनी भरलेले पाहून आधी त्यांचे मन अस्वस्थ झाले. ग्रॅहमबाईंचेही झाले होते. परंतु पौल तेथे थांबले नाहीत. ते नगरातून हिंडले. लोकांची पूजास्थाने त्यांनी लक्षपूर्वक पाहिली, एका वेदीवरील लेख वाचला. मग अथेन्सकरांपुढे उभे राहून त्यांनी बोलण्यास आरंभ केला तो त्यांच्या धर्मशीलतेचा उल्लेख करून, आणि आपला संदेश त्यांच्याच वेदीवरील शब्दाला जोडून दिला. ज्याला पुढे स्पष्ट असहमती सांगावयाची होती त्याने आधी पायी फिरून, वाचून, समजून घेतले. अस्वस्थता, मग पायपीट, मग वाचन, आणि शेवटी बोलणे, हा क्रम आहे. मूर आणि ग्रॅहम यांनी एका भेटीवर लिहिले. गॅझेटियरने मधल्या दोन पायऱ्या उसन्या घेतल्या. आणि आपण पिंपरी-चिंचवडकर ख्रिस्ती लोक इतकी वर्षे पहिल्या पायरीवरही आलो नाही, कारण आपण पाहिलेच नाही.

चिंचवडचा एक साधा नकाशा मराठीत कोणी केला, तर त्यात काय असावे? शिलालेखाचे वर्ष असावे. समाधी ज्यांची त्या मोरयांविषयी भाविक काय मानतात, ते भाविकांच्याच शब्दांत असावे. ओसरीवर बसलेला, खेळावयास न मिळालेला तो लहान ‘देव’ही असावा. चापेकर असावेत आणि आयर्स्टही असावा. असा नकाशा आला तर धर्मग्रामातील एखाद्या कुटुंबाने रविवारची मिस्सा आटोपून, मुलांचा हात धरून, पवनेच्या घाटापर्यंत चालत जावे. परत येताना मुलांना विचारावे, तुला काय दिसले? त्यांच्या उत्तरांतून चिंचवडचा पुढचा वृत्तांत लिहिला जाईल. तो मूरपेक्षा जवळचा, आणि ग्रॅहमबाईंपेक्षा न्यायाचा असेल, अशी आशा आहे.